आई, हे मला टीव्हीवर आधीच कळलंय

ओसरी

मंडळी, आमच्या घरात रोज एकच वाद चालू आहे, म्हटलं इथेच टाकावा.

चिरंजीव सातवीत. टीव्हीला इंटरनेट जोडल्यापासून रात्री जेवण झालं की तासभर विज्ञानाचे कार्यक्रम बघायची मुभा आहे. कृष्णविवर, समुद्राचे तळ, हृदयाच्या झडपा, सगळं मुखोद्गत. परवा शाळेतून आला, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि म्हणाला, "आई, बाई तीन आठवडे एकच धडा शिकवतायत. हे मला टीव्हीवर अकरा मिनिटांत कळलं होतं. मग शाळेत जायचं कशाला?"

चाचणीत वीसपैकी साडेअकरा. पेपर बघितला तर व्याख्या पुस्तकातल्या नाहीत, त्याच्या शब्दांत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा-अर्धा गुण कापलेला. मी पदर खोचून शाळेत भांडायला निघालेच होते. मग पान उलटलं. आकृतीची जागा कोरी. गणिताची जागा कोरी. "आकृती काढायची कशाला, मला डोळ्यांसमोर दिसते," म्हणे.

मी स्वतः बालचित्रवाणीच्या, म्हणजे टीव्हीवरच्या शालेय कार्यक्रमांच्या जमान्यातली. तेव्हा टीव्ही एकीकडे आणि शाळा दुसरीकडे असं काही वाटल्याचं आठवत नाही. तुमचे अनुभव सांगा. उपदेश नको, तो द्यायला सासूबाई आहेत. (हलके घ्या, त्या इथे वाचत नाहीत.)

चाळीतला_चिंतू

बालचित्रवाणी म्हटल्यावर धावत आलो!

गंमत अशी की ते कार्यक्रम शाळेतल्या मुलांसाठी आणि लागायचे मात्र ऐन शाळेच्या वेळात. म्हणजे विज्ञान बघायचं तर ताप यायला हवा. गालगुंड झाले त्या आठवड्यात मी जेवढं विज्ञान शिकलो तेवढं आख्ख्या सहामाहीत नाही. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर त्यांची इमारत होती, पुढे कॉलेजात असताना तिच्यावरून रोज जायचो. १९८४ साली सुरू झालेली संस्था, २०१७ मध्ये बंद झाली. बातमी वाचली तेव्हा चाळीतल्या कोणाचं तरी गेल्यासारखं वाटलं.

आणि दुपारी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचं 'कंट्रीवाइड क्लासरूम'. १५ ऑगस्ट १९८४ ला सुरू झालं, इन्सॅट-१बी उपग्रह वर्षभरापूर्वीच वर गेला होता. कॉलेजच्या पोरांसाठी, सगळं इंग्रजीत. मी चौथीत, एक अक्षर कळायचं नाही. आजी पलंगावर घोरतेय, आवाज बारीक केलेला, आणि पडद्यावर मिठाचे स्फटिक हळूहळू वाढतायत. मी हिशेबाची कामं करतो, विज्ञानाशी संबंध संपून जमाना झाला, पण ते स्फटिक अजून दिसतात.

ओसरीताई, मुलाला बघू द्या.

अवांतर

गहिवर आवरा.

स्फटिक दिसले, पण स्फटिक का वाढतात हे कळलं का चिंतोपंत? नाही ना? मग तुम्ही विज्ञान शिकला नाहीत, स्क्रीनसेव्हर बघितलात.

आणि शाळेच्या बाजूने बोलायला कोणी यायच्या आत सांगून ठेवतो. आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती. कुलूप होतं, किल्ली शिपायाकडे, शिपाई मुख्याध्यापकांच्या घरी. दहावीचं जर्नल आदल्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलवरून उतरवलं, त्याने त्याच्या आदल्याचं. एका निरीक्षणात खोलीचं तापमान २७ अंश लिहिलेलं होतं, ते बहुधा कुठल्या तरी मे महिन्यात कोणीतरी मनाने लिहिलं असावं, पण वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी २७ च लिहिलं. प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना पैकीच्या पैकी. आत्ताही ८० लेखी आणि २० प्रात्यक्षिक असंच आहे. ते वीस कसे पडतात ते आपण सगळे जाणतो.

सीमेपल्याड

मूळचे आम्ही विजापूरकडचे, घरात मराठी, बाहेर कानडी. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांच्याकडून शंभर वेळा ऐकलेलं सांगतो, कारण तुमच्या वादातली दोन्ही टोकं त्यात आहेत.

१९७५ च्या १ ऑगस्टपासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, बरोबर एक वर्ष, भारताने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून खेड्यांत दूरदर्शन दाखवलं. 'साइट' नाव त्या प्रयोगाचं. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते. शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री उभी राहिली. म्हातारी माणसं विचारायची, कोंबड्या कुठायत म्हणून. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. एकाच चित्राला दोन आवाज, एक कानडी, एक तेलुगू.

वडील म्हणायचे, पहिले काही दिवस मुलं पडद्याकडे बघायचीच नाहीत, पेटीच्या मागे जाऊन माणसं कुठून येतात ते शोधायची. त्यांच्या मते तोच सगळ्यात चांगला विज्ञानाचा तास होता.

आता मुद्दा. त्याच वर्षात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण टीव्हीवरून दिलं गेलं, सुमारे ५० हजार शिक्षकांना. नुसतं बघायला बसवलं नव्हतं. टीव्ही झाला की छापील पुस्तिका, रेडिओ, आणि गटाने बसून हाताने प्रयोग. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही जोडलं ते तेव्हा. ते ज्या पद्धतीने शिकले होते त्यात शिक्षकाने प्रयोग "सांगायचा" असायचा.

मग ३१ जुलै आला, उपग्रह परत गेला. छत्री काही दिवस तशीच होती, नंतर तिच्यावर कोणीतरी दोडक्याचा वेल चढवला.

ग्रहणवेडी

सीमेपल्याड, काय सुंदर लिहिलंत. त्या 'साइट'मागे यशपाल होते, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे पहिले संचालक. पुढे तेच अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावरचा गाजलेला अहवालही त्यांच्याच समितीचा. म्हणजे टीव्हीवर विज्ञान आणणारा आणि शाळेत मुलांवर किती लादता असं विचारणारा माणूस एकच. दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' लागायचं त्यात तेच प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. ते स्वेटर घातलेले आजोबा माझे पहिले विज्ञानाचे सर.

माझ्याकडे दोन ग्रहणं आहेत. पहिलं आईकडून ऐकलेलं. १६ फेब्रुवारी १९८०. खग्रासचा पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला, मुंबईत खंडग्रास. लोकांनी बाहेर पडून सूर्याकडे बघू नये म्हणून दूरदर्शनने दुपारी चक्क हिंदी सिनेमा लावला. मुंबईचे रस्ते ओस. आईने बाहेर सूर्य झाकला जात असताना पडदे ओढून विनोदी सिनेमा बघितला आणि त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

दुसरं माझं. २४ ऑक्टोबर १९९५, आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेलं. या वेळी त्याच दूरदर्शनने राजस्थानातल्या नीम का थानावरून ग्रहण थेट दाखवलं, समजावून सांगायला यशपाल. आमच्याकडे खंडग्रास. मी टीव्हीवर खग्रासच्या वेळी सूर्याच्या कडेला दिसते ती हिऱ्याची अंगठी बघितली आणि मग अंगणात पळाले. पारिजातकाखाली पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे सगळे चंद्रकोरी झाले होते! शेकडो. टीव्हीवर हे कोणी सांगितलं नव्हतं, निदान मी ऐकलं नव्हतं. शाळेत 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' (पिनहोल कॅमेरा) पाठ होता, दोन गुणांची टीप. तो शब्द आणि अंगणातल्या चंद्रकोरी या एकाच गोष्टी आहेत हे कळायला मला आणखी चार वर्षं लागली. चार वर्षं! दोन्हीकडून अर्धं अर्धं मिळालं होतं आणि जोडून देणारं कोणी नव्हतं.

घरशाळा_आई

आमची मुलगी शाळेत जात नाही, मुक्त विद्यालयातून दहावी देणार आहे (१४ वर्षं पूर्ण लागतात, अजून दीड वर्ष आहे). लोकांना वाटतं घरी शिकतात म्हणजे दिवसभर व्हिडिओ. आमच्याकडे उलट झालं. पहिल्या वर्षी खूप बघितलं, आता आठवड्याला एखादा. कारण बघून झालं की तिला काहीतरी करायचं असतं आणि घरात सामान नसतं. शाळेची जी गोष्ट मला खरंच हवी होती ती म्हणजे एक बरा सूक्ष्मदर्शक. शेवटी ओळखीच्या बाईंच्या शाळेत शनिवारी जाऊन बसते. तिथल्या मुलांना तो तिच्यामुळे बघायला मिळाला, इतके दिवस खोक्यात होता.

अवांतर, तुमच्या २७ अंशांवर मी पाच मिनिटं हसले.

सिडनीकर

इथे शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे अवांतर यांच्या स्क्रीनसेव्हरशी मी सहमत आहे, पण कारण वेगळं आहे.

सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पीएचडी केली, विषय हाच: भौतिकशास्त्राचे व्हिडिओ बघून मुलं शिकतात का. (हेच पुढे यूट्यूबवर व्हेरिटॅसियम हे विज्ञानाचं चॅनल काढणारे.) काही मुलांना न्यूटनच्या नियमांचा स्वच्छ, सोपा, गोड व्हिडिओ दाखवला. मुलं म्हणाली, छान, सगळं समजलं. चाचणी घेतली तर गुण जवळजवळ होते तिथेच. दुसऱ्या मुलांना असा व्हिडिओ दाखवला ज्यात आधी लोकांच्या चुकीच्या कल्पना मांडून मग त्यांचा समाचार घेतलेला. ही मुलं म्हणाली, गोंधळ झाला, डोक्याला ताप. आणि शिकली मात्र हीच. स्वच्छ व्हिडिओ बघताना मूल आपल्याला आधीच माहीत असलेली चुकीची गोष्टच पुन्हा ऐकतं आणि मान डोलावतं. त्याला वाटतं, हे तर मला माहीतच होतं.

ओसरीताई, तुमच्या मुलाचं "अकरा मिनिटांत कळलं" हे वाक्य मी या नजरेने वाचलं.

पण शाळेने हुरळून जाऊ नये. अमेरिकेत १९८७ च्या एका फिल्ममध्ये हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी झगे घातलेल्या पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना विचारलं, ऋतू का होतात, किंवा चंद्राच्या कला का दिसतात? २३ पैकी २१ जणांचं उत्तर चुकलं. उन्हाळ्याबद्दल बहुतेकांचं म्हणणं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, आणि जुलैमध्ये १५ कोटी २१ लाख. म्हणजे आपल्याकडे हुरडा खायच्या दिवसांत सूर्य सगळ्यात जवळ. गंमत म्हणजे इथे सिडनीत जानेवारीत कडक उन्हाळा, त्यामुळे इथल्या मुलांचं चुकीचं उत्तर वर्षानुवर्षं बरोबर असल्यासारखं दिसतं. ते मोडून काढायला मला दर वर्षी दोन तास लागतात आणि ते दोन तास वर्गात प्रचंड आरडाओरडा असतो.

अवांतर

सिडनीकर, मान्य. पण मग मी जन्मभर उन्हाळ्याचं हेच उत्तर देत आलो ते कोणाच्या खात्यावर टाकू, शाळेच्या की टीव्हीच्या?

खडूवाले_गुरुजी

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. उशिरा आलो, मुलांच्या शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे.

लॉकडाऊनमध्ये जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवी, एमकेसीएलच्या (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या) फाउंडेशनने केलेलं. माझ्या वर्गात ३१ पोरं, टीव्ही निम्म्यांच्या घरी, त्यात वीज कधी जाईल नेम नाही. तीन घरं ठरवली, अंगणात पोरं लांब लांब बसवली. कार्यक्रम चांगला होता, घरातल्या वस्तू घेऊन करायचे उपक्रम असायचे, आणि शिक्षकाचं भाषण नसायचं. पण मी काय बघितलं सांगतो. ज्या घरात मी किंवा एखादी मोठी बहीण बसायची तिथे पोरं उठून वाटी-पाणी आणायची. जिथे कोणी नसायचं तिथे बघायची आणि पुढच्या कार्यक्रमाची वाट बघायची.

दुसरं एक. टीव्हीवरचा प्रयोग कधी फसत नाही. माझ्या वर्गात नऊ कुंड्यांत हरभरा लावला तर दोन उगवतच नाहीत. त्या दोन कुंड्यांवर माझा आठवडा जातो. पाणी जास्त झालं का, किडका होता का, कोणी उकरून बघितला का. (उकरूनच बघितला होता.) पुस्तकात त्या दोन कुंड्यांना जागा नाही आणि टीव्हीवर पण नाही.

ओसरीताई, उपदेश नको म्हणालात म्हणून एक काम देतो. तुमच्याकडे झोपाळ्याची कडी आहे का? एक मीटर सुतळी घ्या. खाली एक नट बांधा. वीतभर बाजूला घेऊन सोडा आणि वीस झोके मोजा, जाऊन येऊन एक. मग नट काढून त्याच सुतळीला पाण्याची लिटरची भरलेली बाटली मानेला धरून बांधा, पुन्हा वीस. सोडायच्या आधी चिरंजीवांना काय होणार ते कागदावर लिहायला लावा. सही घ्या.

ओसरी

गुरुजी, दंडवत. घरात काय झालं ते ऐका.

चिरंजीवांनी लिहिलं: "वजनाने दोलनकाल बदलत नाही. टीव्हीवर दाखवलंय." (दोलनकाल म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ.) खाली झोकात सही.

नट: वीस झोके, ४०.३ सेकंद. भरलेली बाटली: ४२.६.

चेहरा बघण्यासारखा. मोजायला चुकलो म्हणाला. पुन्हा ४२.५. पुन्हा ४२.७. मग नवऱ्याला घड्याळ धरायला लावलं, तरी तेच. शेवटी म्हणाला, "टीव्ही खोटारडा आहे." सासूबाई आतून म्हणाल्या, "मी केव्हाची सांगतेय."

आता मला सांगा, टीव्ही खरंच खोटं बोलला का? कारण पुस्तकातही तेच दिलंय.

खडूवाले_गुरुजी

टीव्ही खोटा नाही, पुस्तकही नाही. त्याला एवढंच विचारा, सुतळी कुठून कुठपर्यंत मोजलीस?

कृपया इथे कोणी उत्तर लिहू नये. सिडनीकर, विशेषतः तुम्ही.

सिडनीकर

हात बांधून बसलोय.

अवांतर

मला उत्तर येत नाही त्यामुळे मी सुरक्षित आहे. पण तीन दिवसांनी धागा वर काढतोय, काय झालं?

ओसरी

खूप झालं.

पहिल्या दिवशी "गाठीपर्यंत मोजली, एक मीटर, अजून काय!" म्हणून चिडला. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना सांगितलं. मला वाटलं, "हे पोर्शनमध्ये नाही" असं उत्तर येईल. बाईंनी पीटीच्या तासाला त्यांच्याकडचं स्टॉपवॉच दिलं आणि वर्गात खिडकीच्या गजाला बाटली टांगू दिली. चाळीस पोरं, चाळीस मतं. एक म्हणे हवा अडवते. दुसरा म्हणे बाटली गोल फिरते म्हणून. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्याशी हा कधी बोलत नाही, ती म्हणाली, "अरे पण बाटली गाठीच्या खाली किती लोंबतेय बघ ना." घंटा झाली.

घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. माझं लाटणं घेतलं, भरलेली बाटली त्यावर आडवी ठेवून तोल सापडेपर्यंत मागेपुढे सरकवत बसला. तोल साधला तिथे स्केचपेनने रेघ मारली. गाठीपासून १३ सेंटिमीटर खाली. "आई, म्हणजे माझी सुतळी एक मीटर नाहीच, एकशे तेरा आहे!" मग सुतळी तेरा सेंटिमीटर आखूड केली.

४०.२.

ओरडला इतका की शेजारच्या काकू आल्या.

आणि आज त्याने त्याच्या वहीत पहिल्यांदा आकृती काढली. मी सांगितलं नव्हतं. म्हणाला, रेघ कुठे मारायची ते दाखवायला काढावीच लागली.

ग्रहणवेडी

त्या मागच्या बाकावरच्या मुलीला माझ्याकडून एक पेढा.

सिडनीकर

हात सोडतो. व्हिडिओत बहुधा सारख्या आकाराचे छोटे गोळे असतात, एक लाकडाचा, एक लोखंडाचा. दोन्हींचा मध्य एकाच उंचीवर येतो, म्हणून वेळ तंतोतंत जुळते. चुकीचं काही नाही, फक्त प्रश्न आधीच पुसून टाकलेला असतो.

खडूवाले_गुरुजी

ताई, आता सुतळी परत एक मीटर करा आणि बाटली अर्धी रिकामी करा. आधी लिहून घ्या.

ओसरी

लिहिलं: "सेम येणार, रेघ तीच आहे." सही या वेळी जरा लहान.

४३.८. हलकी बाटली, आणि आणखी हळू!

पुन्हा लाटण्यावर ठेवायला गेला तर आडवी केल्याबरोबर पाणी पसरलं, तोल काही सापडेना. बराच वेळ बाटली उभी धरून नुसता बघत बसला. मग म्हणाला, "पाणी खाली आहे. रेघ खाली गेली." आणि झोपायला गेला. टीव्ही लावायचा राहिला, हे मला नंतर लक्षात आलं. उद्या नक्की लावेल, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अवांतर

पाव केली तर अजून हळू? आणि पूर्ण रिकामी? थांबा, रिकामी झाली की मग परत... अरेच्चा.

मी घरी बाटली टांगतोय. पन्नाशी उलटली, कोणाला सांगू नका.

खडूवाले_गुरुजी

अवांतर, शाब्बास. चिरंजीवांसाठी शेवटचं काम: बाटली पूर्ण भरा, बुडाला सुईने भोक पाडा आणि झुलत ठेवा. पाणी ठिबकत राहील तसतसे झोके कसकसे बदलतील ते आधी लिहायचं.

ओसरी

लिहून झालंय, पण या वेळी मला दाखवत नाहीये, कागद घडी करून देवघरात ठेवलाय. झोपाळा काढून भिंतीला टेकवला, कडीला बाटली, खाली परात. सासूबाई स्टॉपवॉच घेऊन खुर्चीत बसल्यात.